मास्तरीण नको, पार्लरवाली हवी : जॉन्स आयलंड, १९५७

प्रौढांना शिकवायला माणूस निवडायचा म्हटलं की आपल्याकडे आधी कागद बघितले जातात. डी.एड. आहे का, बी.एड. आहे का, गेला बाजार पदवी तरी? अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात १९५६ सालच्या अखेरीला तीन माणसं असाच एक शिक्षक शोधत होती आणि त्यांची अट उफराटी होती. या माणसाने शाळेत कधीही शिकवलेलं नसावं. ही अट घालणाऱ्या तिघांपैकी एक होत्या सेप्टिमा क्लार्क, आणि त्यांची स्वतःची चाळीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली होती. तिघांनी मिळून जिला निवडलं ती बाई चार्ल्स्टन शहरात ब्युटी पार्लर चालवत होती.

तिच्या वर्गातून पुढे उभ्या राहिलेल्या ‘सिटिझनशिप स्कूल्स’, म्हणजे नागरिकत्वाच्या शाळा, अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीचा मोठा आधार ठरल्या. चळवळीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते त्या निवडीबद्दल. शिकवणारा कुठून आला, आधी कुठलं काम करत होता, त्याच्यासमोर आजवर कोण बसत आलं, याचा त्याच्या शिकवण्यावर नेमका कुठे परिणाम होतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

बेट, बस आणि मतदारयादी

जॉन्स आयलंड हे चार्ल्स्टनला लागून असलेलं बेट. तिथल्या आणि आसपासच्या बेटांवरच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवलं जाई. गुलामगिरी १८६५ साली संपली, पण त्यांचे वंशज तिथेच राहिले. शेती करायची नाहीतर शहरात कामाला जायचं, असं जगणं. त्यांची स्वतःची बोली होती, गुल्ला नावाची, आफ्रिकी भाषांचा आणि इंग्रजीचा मेळ होऊन घडलेली. शहरातली माणसं, काळी असोत की गोरी, या बोलीला हसत.

साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या राज्यघटनेने मतदारयादीत नाव घालण्यासाठी अट ठेवली होती. घटनेतला कुठलाही उतारा वाचून-लिहून दाखवा, नाहीतर किमान ३०० डॉलर मूल्याची मालमत्ता दाखवा. परीक्षा घेणारा अधिकारी गोरा. ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या शाळा नीट मिळाली नाही, त्यांना मताच्या दारातच अडवण्याची ही सोय होती.

एसॉ जेंकिन्स याच बेटावरचे. शाळा चौथीत सुटलेली. शेतमाल विकता विकता त्यांच्या लक्षात आलं की चार्ल्स्टनमधले बरेच व्यापारी ग्रीक आहेत, तेव्हा ते कामापुरतं ग्रीक बोलायला शिकले. पुढे त्यांनी बस घेतली आणि बेटावरची माणसं रोज शहरात कामाला न्यायला-आणायला सुरुवात केली. बसमधल्या एका बाईने त्यांना सांगितलं, मला वाचता येत नाही, पण तुम्ही मदत केलीत तर मी मतदार होईन. जेंकिन्स यांनी मतदार नोंदणीचे कायदे टाइप करून घेतले, प्रवाशांत वाटले आणि जाता-येता त्यावर बोलायला लागले. त्या बाईने ऐकून ऐकून घटनेचा उतारा तोंडपाठ केला. पण पाठ म्हणणं आणि वाचणं यांतला फरक तिला पुरता ठाऊक होता. तिला वाचायचं होतं.

चालत्या बसमध्ये अक्षरं शिकवता येत नाहीत, हे जेंकिन्स यांना कळत होतं. १९५४ च्या उन्हाळ्यात सेप्टिमा क्लार्क त्यांना टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूल या प्रौढशिक्षणाच्या संस्थेच्या शिबिराला घेऊन गेल्या. शिबिर संयुक्त राष्ट्रांवर होतं. तुमच्या गावासाठी काय करणार, असं विचारल्यावर जेंकिन्स यांनी जगाच्या प्रश्नांवर भाषण न करता सांगितलं की आमच्या बेटावर मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा पाहिजे. हायलँडरचे संस्थापक मायल्स हॉर्टन यांनी ते मनावर घेतलं. तरीही वर्ग सुरू व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. पैसा ही एकच अडचण नव्हती. मुख्य अडचण होती ती शिकवणार कोण याची.

आधीचे वर्ग का बंद पडले

प्रौढांचे वर्ग त्या भागात नवे नव्हते. सरकारी खर्चाने ते आधीही चालले होते आणि पैसे असूनही बंद पडले होते, कारण कुणी यायचंच नाही. हॉर्टन बेटावर जाऊन राहिले, लोकांशी बोलले, तेव्हा कारण समजलं. वर्ग शाळेत भरायचा. पन्नाशी-साठीची माणसं सहा वर्षांच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. हातात बालवाचन. पोरं त्यांना लांब तंगड्यांच्या कोळी किड्याचं नाव घेऊन चिडवायची. दिवसभर शेतात राबून आलेला, मुलाबाळांचा बाप असलेला, चर्चमध्ये मान असलेला माणूस असल्या जागी दुसऱ्यांदा कशाला जाईल?

फक्त बाक बदलून हे सुटणार नव्हतं. बाक लहान होता कारण शिकवणाऱ्याच्या डोक्यातला विद्यार्थी लहान होता. पंधरा-वीस वर्षं लहान मुलांना शिकवलेल्या शिक्षकाच्या अंगात काही गोष्टी मुरतात. प्रश्न त्याने विचारायचा आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असायचं. चूक झाली की ती तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सुधारायची. पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडायचं. मुलांच्या वर्गात यातलं पुष्कळ चालून जातं. मोठ्या माणसाला मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीत आपली किंमत केलेली दिसते. त्याची बोलीच चूक ठरवली तर तो तोंड उघडणंच बंद करतो.

यात शिक्षकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पेशा माणसाला घडवतो, आणि ज्या कामासाठी घडवतो त्या कामात तो उपयोगी पडतो. मुलांना शिकवणं आणि प्रौढांना शिकवणं ही दोन कामं एकच आहेत, असं आपण धरून चालतो, तिथे चूक होते.

दुसरं कारण जास्त रोखठोक होतं: भीती. काळ्या शिक्षकाची नोकरी गोऱ्या शाळामंडळाच्या हातात होती. १९५६ मध्ये साउथ कॅरोलायनाने कायदा करून सरकारी नोकरांना एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासद राहायला बंदी घातली. सेप्टिमा क्लार्क यांनी सभासदत्व सोडायला नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. त्यांनी राज्यातल्या काळ्या शिक्षकांना ७२६ पत्रं पाठवली की या कायद्याविरुद्ध एकत्र बोलू या. उत्तरं आली २६. प्रत्यक्ष भेटायला जायच्या दिवशी त्यातलेही बरेच आले नाहीत. मतदानाच्या अधिकारासाठी वाचन शिकवणाऱ्या वर्गात अशा शिक्षकाने उभं राहावं, ही अपेक्षा त्याच्या घरादाराला परवडणारी नव्हती. शिक्षकाची पार्श्वभूमी म्हणताना आपण त्याच्या पदव्या मोजतो. त्याला कामावरून कोण काढू शकतं, हेही मोजायला हवं, असं मला हे प्रकरण वाचल्यापासून वाटत आलं आहे.

हॉर्टन यांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. शिकवणारा गोरा नसावा. ते स्वतः गोरे होते, हायलँडर त्यांनी १९३२ मध्ये स्थापन केलं होतं, त्याआधी डेन्मार्कला जाऊन तिथल्या लोकशाळा पाहून आले होते. प्रौढांच्या शिक्षणावर त्यांच्याइतका विचार केलेली माणसं थोडी. पण या वर्गात आपण फळ्यापाशी उभे राहिलो की समोरचे गप्प होतील, मान डोलावतील आणि शिकणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. स्वतःच्या पार्श्वभूमीचं वजन ओळखून बाजूला होणं ही मला या सगळ्या हकिकतीतली सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

बर्निस रॉबिन्सन

बर्निस रॉबिन्सन सेप्टिमा क्लार्क यांच्या नात्यातल्या. जन्म १९१४ चा, चार्ल्स्टनचा. तरुणपणी न्यूयॉर्कला गेल्या, कपड्यांच्या कारखान्यात काम केलं, ब्युटिशियनचं काम शिकल्या. तिथे त्यांना मतदार म्हणून नाव नोंदवता आलं. १९४७ मध्ये आईवडिलांच्या आजारपणामुळे त्या परत आल्या आणि घरीच पार्लर सुरू केलं. परत आल्यावर जे त्यांना खटकलं ते कधीही बाहेर न गेलेल्या माणसाला तितकं खटकलं असतं का, कोण जाणे. त्या एनएएसीपीच्या कामात पडल्या. गिऱ्हाइकाला ड्रायरखाली बसवून एखाद्याला मतदार नोंदणीला घेऊन जायच्या, असं त्या पुढे सांगत.

हे त्यांना करता येत होतं, कारण त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकबायका काळ्या होत्या. कुणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. त्या काळच्या दक्षिणेत काळ्या बाईला असं स्वतंत्र उत्पन्न देणारे व्यवसाय थोडे होते आणि पार्लर त्यांपैकी एक. हॉर्टन यांनी ही गोष्ट नेमकी हेरली. पुढे हायलँडरने ब्युटिशियन बायकांसाठी खास शिबिरही घेतलं.

पण आर्थिक स्वातंत्र्याने फार तर धाडस येतं, शिकवणं येत नाही. मग या व्यवसायातून शिकवण्यात काय आलं? पार्लरमधली खुर्ची कशी असते ते बघा. बसलेली बाई पैसे देणारी. तिला काय हवं ते ती सांगते. न आवडल्यास पुढच्या वेळी येत नाही, आणि का आली नाही ते सांगायलाही येत नाही. काम चालू असताना तास-दीड तास ती बोलते आणि काम करणारीला ऐकावं लागतं. घरातल्या भानगडी, मुलाचं पत्र, घरभाडं, डॉक्टर, सगळं. वर्षानुवर्षं हे केलेल्या बाईला एक सवय लागते: आधी विचारायचं, मग कात्री हातात घ्यायची.

रॉबिन्सन मात्र तयार नव्हत्या. मी कधी शिकवलेलं नाही, हे त्यांचं म्हणणं. हॉर्टन आणि क्लार्क यांचं उत्तर असं की म्हणूनच तू हवीस. हायलँडरच्या शिबिरात, मला जे जमेल ते करीन असं त्या बोलून गेल्या होत्या. तो शब्द त्यांना आठवून देण्यात आला.

वर्ग

जेंकिन्स यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने शाळेची एक जुनी इमारत विकत घेतली. त्यासाठी १,५०० डॉलर हायलँडरने बिनव्याजी दिले. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान काढलं आणि मागच्या खोल्यांत वर्ग. दुकानात लोकांची ये-जा असते, त्यामुळे गोऱ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येणार नाही, हा हिशोब. ७ जानेवारी १९५७ च्या संध्याकाळी १४ प्रौढ तिथे जमले. हिवाळा मुद्दाम निवडला होता, कारण तेव्हा शेतीची कामं कमी. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास.

रॉबिन्सन यांनी पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तकं आणली होती. नात्यातल्या शिक्षिकांकडून मागून आणलेली. म्हणजे ज्या बाईला शाळेची सवय नाही म्हणून निवडलं, तिनेही हाताशी घेतलं ते शाळेचंच साहित्य. शाळेची कल्पना समाजात इतकी खोल रुजलेली असते की शाळेत कधी न शिकवलेल्या माणसालाही शिकवायचं म्हटलं की तेच सुचतं. फरक पडला तो पुढच्या काही मिनिटांत. समोरच्या माणसांचे चेहरे बघून त्यांनी ती पुस्तकं बाजूला ठेवली. मी शिक्षिका नाही, आपण एकमेकांकडून शिकणार आहोत, असं सांगितलं आणि तुम्हाला काय शिकायचं आहे ते विचारलं.

उत्तरं आली ती अशी: सही करायला. पोस्टातून मनिऑर्डर पाठवायला. दूरच्या शहरात गेलेल्या मुलांची पत्रं दुसऱ्याकडे न नेता वाचायला. कॅटलॉगमधून माल मागवायचा फॉर्म भरायला. बायबल वाचायला. आणि अर्थात नोंदणीच्या वेळी वाचावा लागणारा घटनेचा उतारा. हाच अभ्यासक्रम झाला. मनिऑर्डरचे फॉर्म मोठ्या अक्षरांत करून भिंतीला लागले. गणितासाठी वर्तमानपत्रातल्या किराण्याच्या जाहिराती, खताचा हिशोब, कुंपणाची लांबी. त्या दिवशी शेतात काय केलं ते एकेकाने सांगायचं, रॉबिन्सन ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायच्या आणि मग तेच वाचायला शिकायचं. आपल्या तोंडचं वाक्य कागदावर आलं की त्यातले निम्मे शब्द ओळखीचेच असतात. गुल्ला बोलणाऱ्या माणसाला ही केवढी मोकळीक असेल!

भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाने तो वाचावा अशी माझी इच्छा आहे, असं सांगितलं. अनेकांना हे धाडस वाटेल. सही न येणाऱ्या माणसासमोर इतका अवघड मजकूर? पण प्रौढाला सोपं देऊन बरं वाटतं हा गैरसमज आहे. सोपं दिलं की त्याला आपल्याबद्दलचा अंदाज कळतो. रॉबिन्सन यांनी एकाच वेळी मनिऑर्डरचा फॉर्म आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा समोर ठेवला. पहिला आजच्या गरजेसाठी, दुसरा या माणसांकडून आपली किती मोठी अपेक्षा आहे ते सांगण्यासाठी.

चाळीस वर्षं शिकवलेली शिक्षिका कुठे होती?

हे प्रकरण बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगितलं जातं आणि निष्कर्ष निघतो की प्रशिक्षित शिक्षक नको, साधी माणसं पुरेत. हा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण त्यात सेप्टिमा क्लार्क गायब होतात.

रॉबिन्सन यांच्या वर्गातलं लिहायला शिकवण्याचं तंत्र क्लार्क यांचं होतं. नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचं आणि विद्यार्थ्याने त्यावरून हात फिरवत राहायचं. नांगर-कुदळ धरलेल्या हाताला पेन्सिल परकी असते, आणि ती हाताच्या ओळखीची व्हायला हाच रस्ता होता. हे पार्लरमध्ये सुचणारं नाही. त्यामागे अनेक वर्षांचं शिकवणं आहे. हॉर्टन चर्चा आणि प्रश्नोत्तरांचे जाणकार होते, पण अक्षरओळख संथपणे, पायरी पायरीने कशी होते हे क्लार्क यांना माहीत होतं आणि त्या त्यावर अडून बसत.

मग क्लार्क यांना शाळेची ती सवय का जडली नाही? उत्तर त्यांच्या पहिल्या नोकरीत आहे. १९१६ मध्ये, १८ वर्षांच्या असताना, त्या याच जॉन्स आयलंडवर शिकवायला आल्या, कारण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना घेत नसत. तेव्हा बेटावर होडीने जावं लागे. १३२ मुलं आणि शिक्षिका दोन. दिवसा मुलं, आणि संध्याकाळी बेटावरची मोठी माणसं त्यांच्याकडे यायला लागली. आपल्या मंडळाच्या सभेत उभं राहून भाषण करायचं होतं त्यांना, त्यासाठी मदत हवी होती. म्हणजे पेशाच्या पहिल्याच वर्षांत त्यांच्यासमोर असे विद्यार्थी बसले ज्यांना काय शिकायचं ते पक्कं माहीत होतं. पुढे प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कामातही त्यांनी भाग घेतला, सैनिकांना सही करायला शिकवलं. १९१९ मध्ये काळ्या शिक्षकांना चार्ल्स्टनच्या शाळांत घ्यावं म्हणून दारोदार सह्या गोळा केल्या. कागदावर त्यांची पार्श्वभूमी ‘शाळाशिक्षिका, अनुभव ४० वर्षं’ अशी दिसली असती. त्या एका ओळीत यातलं काहीही मावत नाही.

त्यामुळे शिक्षकी पेशा वाईट आणि इतर पेशे चांगले, असा हिशोब मांडता येत नाही. हा वर्ग तीन वेगळ्या पूर्वायुष्यांनी मिळून उभा केला. बस चालवणाऱ्याकडे लोकांचा विश्वास होता, आणि दारात माणसं आली ती त्या विश्वासावर. पार्लरवालीकडे ऐकायची सवय होती, त्यामुळे आलेली माणसं टिकली. शिक्षिकेकडे तंत्र होतं आणि ते कुठे आवरायचं याची समजही होती. तिघांपैकी एकाच्या हाती सगळं दिलं असतं, तर माझ्या मते दुसऱ्या हिवाळ्यात वर्ग भरला नसता. एरवी जेंकिन्स इतक्या वर्षांत एकटेच नसते का यशस्वी झाले?

एका बाईची निवड हजारोंसाठी कशी करायची

शेजारच्या वॉडमलॉ आणि एडिस्टो बेटांवर, नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये, असे वर्ग वाढत गेले. आता खरा पेच आला. एक बर्निस रॉबिन्सन ओळखीतून सापडली. शेकडो कुठून आणायच्या? क्लार्क यांनी हायलँडरवर शिकवणाऱ्यांची शिबिरं सुरू केली. १९६१ मध्ये टेनेसी सरकारने हायलँडर बंद पाडलं, तेव्हा हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एससीएलसी या संस्थेकडे गेलं. जॉर्जियातल्या मॅकिन्टॉश गावी डॉर्चेस्टर केंद्रात महिन्याला पाच दिवसांचं शिबिर होऊ लागलं. क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग ते चालवत.

क्लार्क यांच्या अटी थोड्या होत्या. मोठ्याने स्पष्ट वाचता यावं. फळ्यावर वाचता येईल असं लिहिता यावं. गावात त्याला लोक मानत असावेत. शेतमजूर आले, सुईणी आल्या, गवंडी आले, पार्लरवाल्या आल्या. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातल्या, त्याही या प्रशिक्षणातून गेल्या. जून १९६३ मध्ये अशाच एका शिबिराहून परतताना वायनोना गावी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना अटक झाली आणि कोठडीत अमानुष मारहाण झाली. त्यांनी काम सोडलं नाही. नोकरी आणि घर गमावण्याची धमकी हेमर यांच्याबाबत आधीच खरी झाली होती. नाव नोंदवायला गेल्याबद्दल १९६२ मध्येच त्यांना मळ्यावरून हाकललं गेलं होतं.

पाच दिवसांत कुणाची पार्श्वभूमी बदलत नाही, आणि डॉर्चेस्टरमध्ये तो प्रयत्नही नव्हता. सुईणीला शिक्षिका बनवायचं नव्हतं. सुईण म्हणून तिला जे येतं त्याला क्लार्क यांचं अक्षरओळखीचं तंत्र जोडून द्यायचं होतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांचा रोख याच्या उलट असतो. गावातली हुशार बाई निवडायची आणि तीन दिवसांत तिला शाळेतल्या बाईंसारखं बोलायला शिकवायचं. मग ती वर्गात जाऊन पाढे घोकून घेते आणि आपण म्हणतो, प्रौढांना शिकायची इच्छाच नाही.

मुरबाड तालुक्यातलं एक गाव

हा सगळा विचार करताना ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात असलेल्या फांगणे गावची ‘आजीबाईंची शाळा’ आठवते. ८ मार्च २०१६ ला ती सुरू झाली. गावातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका दुपारी वर्गात येऊ लागल्या. पोथी आपली आपल्याला वाचता यावी, सही यावी, अंगठा लावायची वेळ येऊ नये, ही त्यांची इच्छा. कल्पना गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाची. पण रोज शिकवायला उभी राहिली ती गावातलीच एक सून, दहावीपर्यंत शिकलेली, आणि तिच्या विद्यार्थिनींमध्ये तिची सासूही होती. इथेही तंत्र आणि पाठबळ शिक्षकाकडून आलं, आणि फळ्यापाशी घरातलं माणूस उभं राहिलं.

जॉन्स आयलंडच्या अनुभवावरून मी म्हटलं असतं की प्रौढांच्या वर्गात शाळेची कुठलीही खूण नको. फांगण्यात मात्र गणवेश आहे, गुलाबी नऊवारी. पाटी आहे, दप्तर आहे, मुलांसारखं सुरात म्हणणं आहे. आणि आज्या ते हौसेने मिरवतात. भावाच्या खांद्यावर दप्तर बघत ज्या घरी राहिल्या, त्यांना सत्तराव्या वर्षी दप्तर मिळालं तर त्यात कमीपणा कुठला? जॉन्स आयलंडवरच्या शेतकऱ्याला लहान बाकावर दुसऱ्याने बसवलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि बघणारी पोरं हसत होती. फांगण्यात बघणारी नातवंडंच आजीचा अभ्यास घेतात.

म्हणजे साहित्य कुठलं वापरावं याचा नियम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही. कुठल्या माणसाला कशाने उणं वाटेल आणि कशाने ताठ बसावंसं वाटेल, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने कळावं लागतं. रॉबिन्सन यांना ते समोरचे चेहरे बघून पहिल्या संध्याकाळीच कळलं. फांगण्याच्या सुनेला ते बरंचसं आधीपासून ठाऊक असणार, कारण तिच्या विद्यार्थिनी तिच्या घरातल्या आणि आळीतल्या होत्या. नवभारत साक्षरता कार्यक्रमात आज आपल्याकडे स्वयंसेवक निवडले जात आहेत. शाळाशिक्षक, विद्यार्थी, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या बायका, कुणीही चालतं. अर्जात शिक्षण किती ते विचारतातच. त्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात असं मला वाटतं. या माणसासमोर आजवर रोज कोण बसत आलं आहे? आणि समोर बसणाऱ्याला न आवडल्यास तो उठून जाऊ शकत होता का?